पाय गावाच्या पुढचं वळण

आमच्या मोहल्ल्यात परदेश म्हणजे दोनच. एक आखात, जिथे माणसं पोटासाठी जातात, आणि दुसरं मक्का-मदिना, जिथे नशिबाने जातात. नुसतं बघायला म्हणून, पाठीवर पिशवी टाकून, तेही मुलीने एकटीने, असं चिपळूणच्या आमच्या घरातून कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत उत्तर थायलंडला जाते आणि तिथल्या डोंगरात स्कूटीने फिरते, असं मी सांगितलं तेव्हा आठ दिवस घरात त्या विषयावर कोणी बोललंच नाही. नवव्या दिवशी फुफी म्हणाली, "लग्न कर, मग नवऱ्याबरोबर फिर की." अम्मी काही न बोलता तांदूळ निवडत राहिली.

अब्बा एका जुम्याला मौलानासाहेबांकडे जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर फक्त विचारलं, "रस्ता कसा आहे तिथला?"

अब्बांनी तीसेक वर्षं एसटी चालवली. चिपळूण-कराड, म्हणजे कुंभार्ली घाट, त्यांनी किती वेळा पार केला असेल याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. मी नकाशा दाखवला. चियांग माई शहरातून निघायचं, डोंगर ओलांडून पाय नावाच्या गावात मुक्काम, पुढे सोप्पोंग, मग म्यानमारच्या सरहद्दीजवळचं मे होंग सोन. तिथून दक्षिणेकडून फेरी पूर्ण केली तर साधारण ६०० किलोमीटर आणि वळणं १८६४. वळणं मोजलेली आहेत, आणि फेरी पूर्ण करणाऱ्याला मे होंग सोनमध्ये त्याचं प्रमाणपत्रही मिळतं. अब्बांनी चष्मा पुसला, नकाशावरच्या त्या गुंतलेल्या दोऱ्यासारख्या रेषेवरून बोट फिरवलं आणि तीन अटी घातल्या. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. रोज मगरिबनंतर फोन करायचा. आणि जे घडेल ते खरं सांगायचं.

पहिल्या दोन अटींचा मी खूप विचार केला. तिसरीचा केलाच नाही.

निघायच्या आदल्या रात्री धाकटी बहीण माझ्या पिशवीत लिमलेटच्या गोळ्या कोंबत म्हणाली, "आपा, नीट ये हं. तुझं नीट झालं तर माझं होईल." तिला पुण्याला एमएस्सीला जायचं होतं. हॉस्टेलवर राहू द्यायचं की नाही, हे घरात ठरलेलं नव्हतं. म्हणजे मी एकटी निघाले असले तरी गाडीवर मागे कोणीतरी बसलेलं होतं.

चियांग माईतला जुमा

मी शुक्रवारी सकाळी चियांग माईत पोहोचले. रात्रबाजाराच्या जवळच्या एका गल्लीत बान हो मशीद आहे, हिदायतुल इस्लाम. ही चिनी मुसलमानांची मशीद. चीनच्या युन्नान प्रांतातून हे लोक खेचरांचे तांडे घेऊन डोंगरवाटांनी व्यापाराला येत. त्यातले काही इथेच राहिले. १९४९ नंतर चीनमधली राजवट बदलली तेव्हा आणखी आले. थाई लोक त्यांना 'चिन हो' म्हणतात. मशिदीसमोर दर शुक्रवारी सकाळी त्यांचा बाजार भरतो. वाळवलेलं गोमांस, मोहरीच्या पानांचं लोणचं, टोफू, अळंबी, हिरव्या भाज्यांचे ढीग. हिजाब घातलेल्या, चिनी चेहऱ्याच्या एका आजीबाईंना मी सलाम केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सलामाचं उत्तर दिलं आणि माझ्या पिशवीत दोन संत्री जास्त टाकली. आमच्यात सामाईक शब्द तेवढेच होते, पण दिवसभर पुरले.

दुपारी खाव सोय खाल्लं. नारळाच्या दुधातला पिवळसर रस्सा, त्यात शेवया, कोंबडी, वरून कुरकुरीत तळलेल्या शेवया, आणि बाजूला लोणचं, कच्चा छोटा कांदा आणि लिंबू. हा पदार्थ या भागात रुजवला तो युन्नानी मुसलमान व्यापाऱ्यांनी, असं मानतात. पहिल्या घासाला मला कोकणच आठवलं. नारळ, मिरची आणि आंबट एकत्र आलं की आपण कुठेही परके राहत नाही.

खाण्याची काळजी करणाऱ्या वाचकांसाठी सांगते. तिथे हलालचा सरकारमान्य शिक्का असतो, चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखा, आत अरबीत 'हलाल' लिहिलेलं. पाकिटांवर आणि दुकानांवर तो शोधायचा. लहान गावात तो नसेल तर "माई किन मू, खा" म्हणायचं. म्हणजे मी डुक्कर खात नाही. शेवटचं 'खा' हे बाईमाणसाने बोलताना लावायचं आदराचं अक्षर आहे. मराठी कानाला ते जेवायचा आग्रह केल्यासारखं वाटतं. तेवढ्याने भांडं आणि तेल यांची खात्री मिळत नाही. म्हणून डोंगरात मी बहुतेक वेळा फळं, उकडलेली अंडी आणि चिकट भात यांवरच राहिले.

गाडी आणि कागद

दुसऱ्या दिवशी स्कूटी भाड्याने घेतली, १२५ सीसीची, गिअर नसलेली. दुकानदार अनामत म्हणून पासपोर्ट मागतात. तो द्यायचा नाही, रोख अनामत द्यायची. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यायचा. त्यात दुचाकीचा शिक्का आहे ना, ते पाहायचं. परवाना नसेल किंवा हेल्मेट नसेल तर प्रवासाचा विमा असूनही बहुतेक वेळा त्याचा उपयोग होत नाही. हे सगळं मला अब्बांनी आधी करायला लावलं होतं. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढला, ब्रेक दाबून पाहिले, टायरला बोट लावलं. थायलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालतात, ही मोठी सोय. मात्र तिथल्या रस्त्यांवर अपघात फार होतात आणि मरणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश दुचाकीवरचे असतात. रस्ता गुळगुळीत दिसला म्हणून त्याच्यावर विश्वास टाकू नये.

मे मालाई नावाच्या फाट्यावर मोठा रस्ता सोडला आणि डावीकडे १०९५ क्रमांकाचा रस्ता धरला. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने बर्माकडे जायला या वाटेवर काम सुरू केलं होतं. आता तो चांगला डांबरी आहे. चियांग माईपासून पायपर्यंत साधारण १३० किलोमीटर, आणि तेवढ्यात ७६२ वळणं. मिनीबसमधून येणारे प्रवासी हिरवे चेहरे घेऊन उतरतात. स्कूटीवर तसं होत नाही, कारण वळण आपल्याच हातात असतं.

पाऊस नुकताच संपला होता. डोंगर ओले, हिरवे. रस्त्याकडेला सूर्यफुलासारखी लहान पिवळी रानफुलं. खाली दरीत भाताची खाचरं कापणीला आलेली. काही वळणांवर तर वाटायचं, आता पुढे अलोरे लागेल. पण पुढे लागायचं ते सागाचं जंगल, बांबूची घरं आणि बाटल्यांत पेट्रोल भरून विकायला बसलेली एखादी म्हातारी.

दुपारची नमाज एका पेट्रोल पंपामागे, झाडाखाली पढले. मुसाफिर म्हणून दोनच रकात. तिथल्या स्वच्छतागृहात आपल्यासारखाच पाण्याचा पाइप असतो, त्यामुळे वुजूची अडचण पडत नाही. किबल्यासाठी फोन काढला आणि हसू आलं. आपल्याकडे पश्चिम, तिथेही पश्चिमच, किंचित उत्तरेकडे. बंगालचा उपसागर ओलांडून इतक्या लांब आले, आणि तोंड त्याच दिशेला.

पाय हे गाव परदेशी तरुणांनी भरलेलं आहे. संध्याकाळी बाजारात पाहिलं तर दर दहा माणसांमागे एकाच्या गुडघ्याला नाहीतर कोपराला पांढरी पट्टी. गावात याला गमतीने 'पाय टॅटू' म्हणतात. स्कूटीवरून पडल्याची खूण. मराठी माणसाला तो विनोद दुप्पट लागतो. इथेही एक लहान मशीद आहे आणि तिच्या जवळपास मुसलमानांच्या खाणावळी. एका खाणावळीतल्या बाईंनी मला गोमांसाच्या रश्श्यात शेवया दिल्या, मग माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं आणि एक बोट वर केलं. एकटीच? मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या गळ्याला आणि डोक्याला हात लावून हेल्मेटचा पट्टा आवळायची खूण केली.

वळण

तिसऱ्या दिवशी पायहून निघाले. चढ चढून क्यू लोमच्या खिंडीत थांबले. एकामागे एक डोंगर, शेवटचे म्यानमारकडचे. तिथे लिसू जमातीच्या बायका विणकाम घेऊन बसल्या होत्या. मी चहा प्यायले, फोटो काढले आणि उताराला लागले.

गाडीला गिअर असेल तर उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं. अब्बांचा नियमच आहे, ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. बिनगिअरच्या स्कूटीला हे जवळजवळ नसतंच. सगळा भार ब्रेकवर. ते तापतात आणि कमी धरायला लागतात. म्हणून वेग आधीच, सरळ रस्त्यावर कमी करायचा आणि वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. हे मला ठाऊक होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. झुकलेल्या चाकाचं घर्षण वळण्यातच खर्च होत असतं, ब्रेकसाठी फार उरत नाही, हे मी फळ्यावर काढून दाखवू शकते.

डावं वळण होतं. आतल्या कडेला पावसाने वाहून आणलेली रेती पसरलेली होती. ती मला उशिरा दिसली. मी पुढचा ब्रेक दाबला.

पुढचं चाक असं गेलं, जसं कोणी खालून सतरंजी ओढावी. मी डाव्या गुडघ्यावर आणि कोपरावर घसरत गेले आणि गाडी माझ्या पुढे घसरत जाऊन कठड्याला लागून थांबली. मागून काही येत नव्हतं. समोरूनही येत नव्हतं. एवढ्या दोन गोष्टींवर माझं सगळं उभं होतं, हे मला उठून बसल्यावर कळलं. हेल्मेटला डाव्या बाजूला लांब ओरखडा होता.

पहिला विचार कोणता आला ते प्रामाणिकपणे लिहिते. रक्ताचा नाही, गाडीचा नाही. विचार आला, हिचं पुणं गेलं.

कोबीने भरलेली एक पिकअप गाडी थांबली. नवरा-बायको होते. त्या बाईने माझ्या तोंडाकडे न पाहता आधी हात-पाय दाबून पाहिले, बोटं हलवायला लावली. नवऱ्याने कोबी बाजूला सारून स्कूटी वर चढवली. सोप्पोंगच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी मला सोडलं, माझी जखम धुऊन होईपर्यंत बाकावर थांबले आणि मग एका गेस्टहाऊसपर्यंत पोहोचवलं. मी पैसे पुढे केले. बाईने नोटा माझ्या मुठीत परत दाबल्या आणि मूठ बंद केली. त्यांचा धर्म कोणता, जमात कोणती, मी विचारलं नाही. त्यांनीही माझं काही विचारलं नाही.

हाड मोडलं नव्हतं. गुडघा सोलवटला होता, कोपराला तीन टाके पडले.

मगरिब झाली. भारतात तेव्हा साडेचारच्या सुमाराला असेल, थायलंडचं घड्याळ दीड तास पुढे आहे. मी फोन लावला. व्हिडिओ नको, रेंज नाही, असं म्हणाले. अम्मीने विचारलं, काय खाल्लंस? मी म्हटलं, अंडी-भात. अब्बांनी विचारलं, गाडी ठीक? मी म्हटलं, ठीक.

इशाची नमाज खुर्चीवर बसून पढले, गुडघा वाकत नव्हता. लोक म्हणतात, मुसाफिराची दुआ रिकामी परत येत नाही. मी हात वर केले आणि काय मागावं ते सुचेना. घरी तीन माणसं माझ्यासाठी हात वर करून बसली असणार, आणि ती एका ठीक असलेल्या मुलीसाठी मागत असणार. त्यांच्या दुआसुद्धा मी चुकीच्या पत्त्यावर पाठवल्या होत्या.

मनात हिशोब चालू होता. सांगितलं तर फुफी म्हणेल, बघा, सांगत नव्हते? बहिणीचं हॉस्टेल संपलं. मोहल्ल्यातल्या आणखी दोन-चार मुलींची उदाहरणं देताना माझा गुडघा काढला जाईल. आपल्याकडे मुलगा पडला तर तो पडतो. मुलगी पडली तर तिच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्याजणी पडतात. हे खोटं नाही. म्हणून लपवणं मला जबाबदारीचं वाटत होतं. पण लपवून मिळवलेली परवानगी बहिणीला दिली, तर तीही पुण्यात ताप आल्यावर "ठीक आहे" म्हणेल, आणि तो ताप घरी कोणाला कळणार नाही. पहाटेपर्यंत हे एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

फजरनंतर थोडा वेळ थांबून अब्बांना फोन केला आणि सगळं सांगितलं, काल खोटं बोलले तेही.

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "वळण डावं की उजवं?"

"डावं."

"रेती आतल्या अंगाला?"

"हो."

"पुढचा ब्रेक दाबलास."

"हो, अब्बा."

"हं." पुन्हा शांतता. "टाके किती?"

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच परवानगीने लिहिते आहे. फार वर्षांपूर्वी श्रावणात, घाटातल्या चिखलावरून त्यांची बस घसरून बाजूच्या चरात गेली होती. कोणाला लागलं नाही. घरी त्यांनी सांगितलं होतं, गाडी बंद पडली म्हणून उशीर झाला. "तुझी अम्मी त्या दिवशी उपाशी थांबली होती," ते म्हणाले. "ते जेवण मला गेलं नाही. सांगायचं राहिलं ते राहिलंच." मग आवाज बदलून, ड्यूटीवरच्या माणसासारखे म्हणाले, "दोन दिवस हलायचं नाही. गाडी मिस्त्रीला दाखव. पुढचं चाक सरळ आहे का, ते त्याला फिरवून पाहायला सांग. मग ठरव. तुझ्या अम्मीला तू सांग, मी नाही सांगणार."

अम्मी रडली. मग ओरडली. मग विचारलं, ती कोबीवाली बाई कोण, तिला काही दिलंस का?

परत

दोन दिवस मी सोप्पोंगमध्ये राहिले. जवळच थाम लोडची गुहा आहे. नदीच तिच्या आतून वाहत जाते आणि बांबूच्या तराफ्यावर बसून कंदिलाच्या उजेडात आत जाता येतं. आतल्या शिड्या मला चढता आल्या नसत्या, म्हणून तराफ्यावरच बसून राहिले. मिस्त्रीने चाक फिरवून दाखवलं, सरळ होतं. आरसा नवा बसवला. तिसऱ्या दिवशी सावकाश, ताशी तीसने, मे होंग सोनला पोहोचले. डोंगरांच्या मध्ये एक छोटं तळं, काठावर शान लोकांची बौद्ध मंदिरं, पहाटे पाण्यावर धुकं. दक्षिणेकडची मोठी फेरी मी सोडून दिली. प्रमाणपत्र मिळालं नाही. आल्या रस्त्याने परत निघाले.

त्यामुळे ते वळण पुन्हा आलं, आता चढाचं आणि उजवीकडचं. रेती अजून तिथेच होती. मी अलीकडे सरळ रस्त्यावर वेग कमी केला, ब्रेकवरचा हात काढला, वळणाच्या पलीकडच्या टोकाकडे पाहिलं आणि गेले. पुढे थांबून गाडी कडेला लावली, परत चालत आले आणि झाडाची एक फांदी तोडून जमेल तेवढी रेती कडेला लोटली. रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणं हीही नेकी आहे, असं लहानपणी मदरशात शिकवलं होतं. गुडघा दुखत होता, त्यामुळे फार जमलं नाही.

पायच्या खाणावळीतल्या बाईंनी माझ्या कोपरावरची पट्टी पाहिली, मग हेल्मेटवरचा ओरखडा पाहिला. त्यावरून बोट फिरवलं आणि पुटपुटल्या, अल्हम्दुलिल्लाह. त्या दिवशी शेवयांचे पैसे घेतले नाहीत.

चियांग माईत गाडी परत करताना दुकानदाराला पडल्याचं आधीच सांगितलं. ओरखड्यांचे त्याने लावले तेवढे पैसे भरले.

घरी आल्यावर फुफीने ते वाक्य म्हटलंच, बघा, सांगत नव्हते? अब्बा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "पडली. पण सांगितलं." फुफीला यावर काय बोलावं ते सुचलं नसावं. ती चहा टाकायला आत गेली.

बहिणीचं पुण्याचं अजून पूर्ण ठरलेलं नाही. फुफीचं म्हणणं आहे तेच आहे. पण गेल्या रविवारी अब्बा तिला घेऊन मैदानावर गेले होते, माझ्या स्कूटीवर. तिथे त्यांनी मुद्दाम मूठभर रेती टाकली होती आणि तिला सांगत होते, आधी वेग कमी कर, मग वळ.